स्कॅन झालं, आता वाचायचं कसं?

१८८४ साली निजाम सरकारच्या हुकमावरून औरंगाबादचं गॅझेटियर तयार झालं आणि मुंबईला टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात छापलं गेलं. या शहराबद्दल जुनं काही लिहायचं म्हटलं की हे पुस्तक लागतंच. माझ्याकडे ते दोन वाटांनी आलं.

पहिली वाट व्हॉट्सॲपची. एका ग्रुपवर कुणीतरी पीडीएफ टाकली. फाइलीचं नाव म्हणजे नुसती आकड्यांची माळ. मुखपृष्ठ नाही, प्रकाशनाचं साल नाही, मधली काही पानं तिरकी. फोनवर उघडेपर्यंत चहा निवून गेला. मला फक्त खाम नदीबद्दलचा मजकूर हवा होता. त्यासाठी अंगठ्यानं दोनेकशे पानं वर सरकवली आणि शेवटी नाद सोडला.

दुसरी वाट इंटरनेट अर्काइव्हची. तिथं पुस्तक डाउनलोड करावंच लागत नाही. समोरासमोर दोन पानं उघडतात, कडेला टिचकी मारली की पान उलटतं. शोधाच्या चौकटीत शब्द टाकला की तो जिथं जिथं आला आहे तिथं खालच्या पट्टीवर खुणा उमटतात आणि खुणेवर बोट ठेवलं की ते पान समोर येतं. त्याहून मोलाची आहे ती वरची पत्त्याची ओळ. पान उलटलं की ब्राउझरमधला पत्ताही बदलतो, ‘पेज’ या शब्दापुढचा आकडा पुढं सरकतो. तो पत्ता मित्राला पाठवला की त्याच्याही फोनवर नेमकं तेच पान उघडतं. एक काळजी मात्र घ्यावी लागते : आकड्याआधी इंग्रजी ‘एन’ हे अक्षर असेल तर तो स्कॅनचा क्रमांक असतो, छापील पानाचा नव्हे. संदर्भ देताना दोन्ही लिहावेत.

या सोयीला बुकरीडर म्हणतात. सर्व्हर सगळं पुस्तक एकदम पाठवत नाही, जे पान पाहिलं जातंय त्याचंच चित्र पाठवतो. आमच्या शहरातल्या अभ्यासिकांमध्ये बसणारी गावाकडची मुलं दिवसाचा डेटा पुरवून पुरवून वापरतात. दोनशे एमबीची फाइल आणि दोन पानांची चित्रं यांतला फरक त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

डिजिटायझेशन म्हटलं की आपल्याकडे सगळं लक्ष स्कॅनरवर असतं. किती पानं झाली याचे आकडे मोजले जातात, हार्ड डिस्क कपाटात जाते. वाचणारा ते कशातून पाहणार, कसं शोधणार, दुसऱ्याला नेमकं पान कसं दाखवणार, याचा विचार कुणी केलेलाच नसतो. माझ्या मते तो विचार नसेल तर स्कॅनिंगचा बराचसा खर्च वाया जातो.

आमच्या विद्यापीठाचंच पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं. तेव्हापासून इथं सादर झालेले प्रबंध म्हणजे मराठवाड्याच्या अभ्यासाचा मोठा ठेवा. पूर्वी ते ग्रंथालयात जाऊनच पाहावे लागत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘शोधगंगा’वर ठेवण्याची व्यवस्था झाली, आणि आज गेवराईच्या किंवा किनवटच्या घरात बसून ते उघडता येतात. शोधगंगा चालते डीस्पेस नावाच्या प्रणालीवर. एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी ती २००२ साली तयार करून सर्वांना मोफत दिली. तिचा मोठा गुण म्हणजे प्रत्येक प्रबंधाला मिळणारा कायमचा क्रमांक. शोधगंगेचा असा प्रत्येक क्रमांक १०६०३ नं सुरू होतो. उद्या सर्व्हर बदलला, संस्थळाची रचना बदलली, तरी त्या क्रमांकावरून प्रबंध सापडावा अशी ही व्यवस्था आहे. संदर्भसूचीत द्यायचा तो हा पत्ता. बरेच विद्यार्थी ब्राउझरमधली लांबलचक ओळ चिकटवतात आणि दोन वर्षांनी ती उघडत नाही.

पण याच शोधगंगेवर वाचायला बसलं की अडचण कळते. प्रबंध एकसंध नसतो. शीर्षकाची एक फाइल, प्रमाणपत्राची दुसरी, अनुक्रमणिकेची तिसरी, पुढं प्रत्येक प्रकरणाची वेगळी. चौथ्या प्रकरणातली तळटीप पाहताना संदर्भसूचीसाठी शेवटची फाइल निराळी उघडायची. सगळ्या प्रबंधात मिळून एक शब्द शोधायचा तर सगळ्या फाइली उतरवून घ्यायच्या आणि आपल्या संगणकावर जोडायच्या. आणि प्रबंध मराठीत असेल तर तेवढं करूनही शब्द सापडेलच असं नाही.

हे असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मराठीत संगणकावर टंकन सुरू झालं ते श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांवर. त्यांत पडद्यावर ‘म’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी ते एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. असल्या पीडीएफमधून ‘मराठवाडा’ हा शब्द कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवून पाहा : स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरांची खिचडी उमटते. डोळ्यांना मराठी, यंत्राला निरर्थक. शोध लागणार कुठून? युनिकोड आल्यावर प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला, पण त्याआधीचे आणि त्यानंतरही सवयीनं जुन्याच फॉन्टांत लिहिले गेलेले प्रबंध तसेच राहिले.

जे कागदावरून स्कॅन झालं त्याची कथा वेगळी. तिथं अक्षरं नसतातच, असतं ते पानाचं छायाचित्र. त्यातून अक्षरं ओळखून काढणाऱ्या तंत्राला ओसीआर म्हणतात. रोमन अक्षरं एकेकटी उभी असतात. आपली शिरोरेषेला टांगलेली, वर वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. त्यामुळं वर्षानुवर्षं मराठीचं ओसीआर कुणी विश्वासानं वापरत नसे. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जन्मलेलं टेसरॅक्ट २००५ मध्ये खुलं झालं, गूगलनं ते पुढं वाढवलं आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत एकेक अक्षर तोडण्याऐवजी सबंध ओळ ओळखण्याची पद्धत आली. तेव्हापासून स्वच्छ छापलेलं मराठी पान बऱ्यापैकी उतरतं. मोफत आहे, मराठीसाठी त्याचा वेगळा संच मिळतो.

तरीही जुन्या पुस्तकांत एक खास मराठी अडचण उरते. १९६२ च्या लेखननियमांनी आपले अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कां’, ‘घरांत’ असंच छापलेलं आहे. आजचा वाचक ‘घरात’ शोधतो आणि यंत्र प्रामाणिकपणे सांगतं, सापडलं नाही. त्यात भर म्हणजे स्कॅन ‘स्वच्छ’ करताना कागदावरचे ठिपके पुसणारी आज्ञा वापरली जाते, ती डागांबरोबर अनुस्वारही पुसते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ तर संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येतो. दिसायला सारखा, शोधताना वेगळा. हे प्रश्न इंग्रजीला नाहीत, म्हणून बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची उत्तरंही नाहीत. ती मराठी माणसांनीच बसवायची आहेत, आणि ती बसवता येतात.

स्कॅन लहान करण्याच्या घाईत याहून गंभीर गोष्टही घडू शकते. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडे बदलताहेत, सहाचा आठ होतोय. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच ठसा साठवून सगळीकडे तोच वापरत होतं. पान अगदी सुबक दिसायचं आणि मजकूर चुकीचा असायचा. आपल्या लिपीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ किती जवळ आहेत! म्हणून मूळ स्कॅन कधीही टाकून देऊ नये. वाटायला हलकी प्रत वेगळी करावी.

हलक्या प्रतीसाठी एके काळी डेजाव्यू हे स्वरूप फार गाजलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या एटी अँड टी प्रयोगशाळेत ते जन्मलं. पुढं कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नावाजलेले यान लकून त्याच्या निर्मात्यांपैकी एक. पानाचे दोन थर करायचे, अक्षरं बारकाव्यानिशी ठेवायची आणि पिवळा पडलेला कागद जाडाभरडा, ही त्यामागची कल्पना. पण ब्राउझरमध्ये ते थेट उघडत नाही, आणि पीडीएफ सगळीकडे पोचलं होतं. इंटरनेट अर्काइव्हनं २०१६ मध्ये डेजाव्यू प्रती बनवणं थांबवलं. तुमच्या जुन्या डिस्कवर अशा फाइली असतील तर सुमात्रा पीडीएफ किंवा ऑक्युलर या मोफत प्रणालींत त्या आजही उघडतात.

आणि डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया? अनेक मराठी अभ्यासकांना पहिल्यांदा घरबसल्या दुर्मिळ पुस्तकं दाखवली ती तिनं. पानं टिफ या स्वरूपात होती, ती पाहायला ब्राउझरला वेगळं प्लगइन जोडावं लागे, एकेक पान उघडायला वेळ लागे. पुढं ते संस्थळ बंद पडलं आणि कितीतरी लेखांच्या तळटिपांमधले पत्ते मेले. पुस्तकं मात्र वाचली, कारण त्यांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर चढवल्या गेल्या होत्या. तिथं ‘इन डॉट एर्नेट डॉट डीएलआय’ अशी सुरुवात असलेला क्रमांक दिसला की समजावं, हे त्या जुन्या घरातून आलेलं पुस्तक. या नोंदींत मराठी नावं रोमनमध्ये आणि वाटेल तशी लिहिलेली आहेत, म्हणून एकच नाव चार स्पेलिंगांनी शोधून पाहावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवरच सायबरहल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होतं. एकाच घरात सगळं ठेवू नये, हे तेव्हा पुन्हा दिसलं.

चित्रांच्या बाबतीत पुढची पायरी म्हणजे ट्रिपल-आयएफ. २०११ च्या सुमारास ब्रिटिश लायब्ररी, बॉडलियन, स्टॅनफर्ड अशा ग्रंथालयांनी मिळून हा समाईक नियम ठरवायला घेतला : पानाचा कोणता भाग, किती मोठा हवा, हे पत्त्यातच सांगायचं आणि तेवढाच तुकडा मिळवायचा. अजिंठ्यावरच्या गुलाम याझदानींच्या ग्रंथाचे चार भाग निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं १९३० ते १९५५ या काळात काढले. त्यांतल्या रंगीत प्लेट्स साध्या पीडीएफमध्ये मोठ्या केल्या की चेहऱ्याचे चौकोन होतात. या नियमानं मांडल्या तर बोधिसत्त्वाच्या भुवईची रेघ वेगळी पाहता येईल, आणि नेमकी तीच रेघ दुसऱ्याला पाठवता येईल. मिराडोर ही मोफत प्रणाली तर दोन वेगळ्या ग्रंथालयांतली पानं शेजारी शेजारी उघडते. महानुभावांच्या पोथ्या किती मठांत विखुरलेल्या आहेत ते मराठवाड्यात सांगायला नको. एकाच ग्रंथाची दोन हस्तलिखितं प्रवास न करता ताडून पाहता येणं ही केवढी सोय आहे! नियतकालिकांनाही अशीच सोय हवी. गंगाधर पानतावणे यांनी इथून चालवलेल्या ‘अस्मितादर्श’सारख्या त्रैमासिकाची वर्षाची एक जाडी फाइल कामाची नाही, अंकवार, लेखवार, लेखकवार उघडेल अशी मांडणी हवी.

वाटपाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. जिवंत लेखकाचं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकणं ही ग्रंथसेवा नाही. औरंगपुऱ्यातले पुस्तकविक्रेते आणि मराठीतले प्रकाशक आधीच तंगीत आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ना. धों. महानोर २०२३ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०८३ अखेरपर्यंत संरक्षित आहेत; त्या विकतच घ्यायच्या. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं २०११ पासून खुली आहेत. बाबासाहेबांनी स्वतः प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून. खुलं असलेलंच एवढं पडलं आहे की वाटणाऱ्याला आयुष्य पुरणार नाही.

अशा खुल्या पुस्तकांसाठी मला सर्वात आवडलेलं साधन मराठी विकिस्रोत. तिथं एका बाजूला पानाचं स्कॅन असतं, दुसऱ्या बाजूला ओसीआरनं काढलेला मजकूर. आपण ओळ ओळ ताडून पाहायची, ‘धर’ झालेलं ‘घर’ नीट करायचं, गळलेला अनुस्वार परत लावायचा आणि पान जतन करायचं. तपासायचं पान लाल असतं, एकानं तपासलं की पिवळं होतं, दुसऱ्या माणसानं पुन्हा तपासलं की हिरवं. स्वतः तपासलेलं पान स्वतःच हिरवं करता येत नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. अशा रीतीनं तयार झालेलं पुस्तक शोधता येतं, फोनवर अक्षर मोठं करून वाचता येतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना फोन ते वाचून दाखवतो. स्कॅनच्या पीडीएफमधून त्यांना एक अक्षरही ऐकू येत नाही.

तुमच्या गावच्या वाचनालयाच्या कपाटात जुनी, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं असतील तर कार्यवाहांशी बोला. स्कॅन करताना मुखपृष्ठ आणि मुद्रकाचं पान सोडू नका. फाइलीच्या नावात लेखक, पुस्तक आणि साल देवनागरीत लिहा. ग्रुपवर फाइल टाकण्याऐवजी पानाचा पत्ता टाका. आणि दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या कॉलेजातल्या मुलीला किंवा पुतण्याला शेजारी बसवून विकिस्रोतावरचं एक लाल पान पिवळं करून पाहा. खातं काढायला पैसे लागत नाहीत, आणि सवय झाली की एका पानाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.