पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

मित्रांनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या!

आमचं गाव कुंडल. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं आणि कुस्तीच्या मैदानाचं. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला कोरोनाचे रुग्ण सापडले आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेजचा पाऊस सुरू झाला. त्याआधी फेब्रुवारीतच ‘चिकन खाल्ल्याने कोरोना होतो’ ही अफवा पसरली होती आणि महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांना कोंबड्या मातीमोल भावाने विकाव्या लागल्या होत्या. मेसेज खोटा, पण नुकसान खरं! लोक कशाला घाबरलेत हे लवकर कळलं, तर खुलासाही लवकर करता येतो. पण लॉकडाऊनमध्ये घरोघर जाऊन विचारणार कोण? म्हणून जगभरचे संशोधक सोशल मीडियाकडे वळले.

याला म्हणतात सेंटिमेंट अॅनालिसिस. ‘कोरोना’, ‘लस’ असे शब्द असलेल्या पोस्ट गोळा करायच्या. त्यातल्या काही हजार माणसांनी वाचून प्रत्येकीवर शिक्का मारायचा : सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ. कोणते शब्द कोणत्या शिक्क्याबरोबर जास्त येतात हे कॉम्प्युटर त्यावरून शिकतो. पुढे नव्या पोस्टवर तो स्वतःच शिक्का मारतो. रोजची टक्केवारी काढली की काळजीचा आलेख तयार!

मराठीतही हे काम झालंय. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीटचा ‘महासेंट’ नावाचा संच सर्वांसाठी खुला केला.

आता अडचणी बघा. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे वाक्य नुसते शब्द मोजणाऱ्या प्रोग्रॅमला आनंदाचं वाटेल. ‘निगेटिव्ह आला, देव पावला’ म्हटलं की तो गोंधळेल. ‘वा! काय सोय आहे, बेडसाठी फक्त दोन दिवस थांबायचं!’ यातला टोमणा त्याला कळणं अवघडच. शिवाय आपण निम्मे मेसेज मराठीत, पण रोमन लिपीत टाइप करतो.

दुसरी अडचण मोठी. बोलतंय कोण? महासेंटमधले ट्वीट महाराष्ट्रातल्या नामवंत लोकांच्या खात्यांवरून घेतले होते. गावातली माणसं त्यात कुठून येणार? आणि डेटा भरपूर असला म्हणजे उत्तर बरोबर येतं असंही नाही. लोक काय सर्च करतात यावरून फ्लूचा अंदाज देणारं ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’ २००८ मध्ये सुरू झालं. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज सरकारी आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला! २०१५ मध्ये ते बंद झालं.

आमच्या घरचंच उदाहरण देते. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले, हात जोडले. आलेख काढला असता तर शंभर टक्के सकारात्मक! पण आजीकडे स्मार्टफोनच नव्हता. ती नुसती म्हणायची, “माझ्या पोटात गोळा येतोय बघ.” आम्हाला वाटलं, हिला कुणीतरी अफवा सांगितली. मग आम्ही तिला अफवा कशा खोट्या असतात याचं लेक्चर दिलं. तीन आठवडे असेच गेले.

शेवटी एक दिवस आशाताई आल्या, चहा घेतला आणि शांतपणे विचारलं, “नेमकं कशाचं भ्या वाटतंय, आजी?” आजी म्हणाली, “सुई टोचल्यावर दोन दिवस ताप येतोय म्हणं. मग म्हशीची धार कोण काढणार?”

काकांनी धारेची जबाबदारी घेतली आणि आजी दुसऱ्याच दिवशी लस घेऊन आली!

मला वाटतं, सोशल मीडियाचा आलेख थर्मामीटरसारखा आहे. कुठल्या तालुक्यात काळजी वाढतेय हे तो पटकन दाखवेल, आणि साथीत तेवढंही फार मोलाचं आहे. पण ताप कशाने आला हे बघायला रोग्याजवळ बसावंच लागतं.

तेव्हा मित्रांनो, फायनल इयरला असा प्रोजेक्ट जरूर करा. फक्त कोड रन करण्याआधी घरातल्या ज्या माणसाकडे फोन नाही, त्याच्याशी दहा मिनिटं बोला!