फोटोमागची जुळणी (भाग ६) : धानाच्या बांधीतला सारस

मागच्या भागात लेयर पाहिले. आज मास्क, आणि तोही हाताने कडा न कोरता चॅनलमधून काढलेला.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदियात. कुडव्याकडून निघून परसवाड्याच्या तलावाकडच्या बांध्यांत टेलिफोटो लेन्सने जोडी टिपली, तर फोटोत धान इतका उजळ येतो की राखाडी पक्षी त्यात बुडून जातो. आपल्याला धान थोडा गडद करायचा आहे, सारसाला धक्का न लावता.

फोटोशॉपमध्ये चॅनल्सचं पॅलेट उघडा. लाल, हिरवा, निळा हे तीनही चॅनल खरं तर काळे-पांढरे फोटो आहेत. आठ बिटच्या फोटोत प्रत्येकात ० ते २५५ छटा. एकेक करून बघा आणि घाई करू नका, कारण निम्मं काम या बघण्यातच होतं. धानाच्या पातीतून निळा प्रकाश फारच कमी परततो, म्हणून निळ्या चॅनलमध्ये बांधी जवळजवळ काळी दिसते. सारसाचं राखाडी अंग मात्र तिन्ही चॅनलमध्ये सारखंच उजळ. म्हणजे मास्क निळ्या चॅनलमध्ये आधीच तयार आहे! अडचण फक्त लालभडक डोक्या-मानेची. तिथे निळाही काळाच पडतो. तेवढा भाग लाल चॅनलमधून घ्यावा लागतो.

निळ्या चॅनलची प्रत काढा. मूळ चॅनलला हात लावला तर फोटोचे रंगच बिघडतात. लाल चॅनलमधलं डोकं-मान लासोने निवडून कॉपी करा आणि निवड तशीच ठेवून या प्रतीत पेस्ट करा, म्हणजे ते जागच्या जागी बसेल. मग कंट्रोल आणि एल दाबून लेव्हल्सने काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं करा. पण फार ताणू नका. पिसांच्या कडेला थोडा करडेपणा राहायलाच हवा; तो गेला की पक्षी कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. डोळा आणि अंगावरचे गडद ठिपके पांढऱ्या ब्रशने भरा.

आता कंट्रोल धरून या प्रतीवर क्लिक करा, वर आरजीबीवर या आणि कर्व्ह्‌जचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्या. निवड आपोआप मास्क बनते. कंट्रोल आणि आय दाबून तो उलटवा: सारस काळा, धान पांढरा. मग कर्व्ह खाली ओढून धान गडद करा. पांढऱ्यावर बदल लागतो, काळ्यावर लागत नाही, करड्यावर अर्धवट लागतो. गिंपमध्ये काम करणाऱ्यांनी लेयरची प्रत गडद करून तिला मास्क जोडावा.

फोटोशॉप १९९० साली आलं तेव्हा त्यात लेयर नव्हतेच, ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. तोवरची जोडकामं चॅनलवरच चालत. लग्नाच्या अल्बमची घाई असलेल्या स्टुडिओंत आजही इरेझर फिरतो, आणि मला ते पटत नाही. पुसलेली पिसं परत येत नाहीत; मास्कवरचा काळा रंग मात्र कधीही पांढरा करता येतो.

फाइल पीएसडी म्हणूनच जपून ठेवा. आणि फोटोसाठी पावसाळ्यात घरट्याजवळ जाऊ नका. सारस धानाच्या पाण्यातच घरटं बांधून अंडी घालतो. बांधावरूनच फोटो घ्या.