एल्कमाँटचे काजवे

बसा रे सगळे, आणि मोबाइल आधी खिशात. आज अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या डोंगराची गोष्ट. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९३४ साली झालेलं. म्हातारा का म्हणालो? हिमालय वर यायला लागला त्याला साधारण पाच कोटी वर्षं झाली. हे डोंगर वीस कोटी वर्षांहून जुने. ऊन-पाऊस खाऊन खाऊन माथे गुळगुळीत झालेत. सगळ्यांत उंच शिखर कुवोही, २,०२५ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर जेमतेम चारशे मीटर!

तिथे दिवसा काय करायचं? चालायचं. तेराशे किलोमीटरहून जास्त पायवाटा आहेत. केड्स कोव्ह नावाच्या सपाट खोऱ्यात उन्हाळ्यातल्या बुधवारी मोटारींना बंदी असते, रस्ता सायकलवाल्यांचा. नशीब असेल तर काळं अस्वल दिसतं, लांबून. ओढ्यात उतरलात तर मात्र दगड उलटेपालटे करायचे नाहीत. दगडांखाली सॅलॅमँडर राहतात, पालीसारखे दिसणारे पण बेडकाच्या गोतातले. तीसएक जाती आहेत तिथे, आणि त्यातल्या बहुतेकांना फुप्फुसंच नाहीत. ओल्या कातडीतून श्वास घेतात. कातडी वाळली की संपलं.

पण मला सांगायचंय ते रात्रीचं.

मे संपता संपता आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात याच उद्यानातल्या एल्कमाँटच्या रानात काजवे निघतात. काजवे आपल्याकडे काय कमी आहेत, असं म्हणाल. भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला अगदी याच दिवसांत झाडंच्या झाडं लखलखतात. खरंय. पण एल्कमाँटची तऱ्हा वेगळी. तिथला नर पाच-सहा, कधी आठ वेळा भरभर चमकतो, मग सहा-आठ सेकंद गप्प. एकटा नव्हे हं! आजूबाजूचे शेकडो नर त्याच तालावर चमकतात आणि त्याच क्षणी विझतात. सगळं रान एकदम काळं. कधीकधी तर उजेड डोंगराच्या उतारावरून लाटेसारखा खाली येतो.

शास्त्रज्ञ बराच काळ समजत होते की असे तालात चमकणारे काजवे आग्नेय आशियातच असतात, अमेरिकेत नाहीत. लिन फॉस्ट नावाच्या टेनेसीच्या बाईंनी १९९०च्या सुमारास हे वाचलं आणि त्या चकित झाल्या. एल्कमाँटला त्यांच्या घरच्यांची लाकडी कुटी होती, वर्षानुवर्षं सगळे व्हरांड्यात बसून हाच खेळ बघत आलेले. त्यांनी पत्र लिहिलं, शास्त्रज्ञ आले, बघितलं, मान्य केलं. पदव्या नंतर, डोळे आधी. मला ही बाई फार आवडते.

आता विचारा, सगळे एकदम का चमकतात? मादी सहसा उडत नाही. ती खाली पाचोळ्यात, गवताच्या पात्यावर बसून असते. नरांची चमक थांबली की त्या काळोखात ती मिणमिणतं उत्तर देते. प्रत्येक नर मनाला येईल तेव्हा चमकला असता तर तिला आपल्या जातीची खूण त्या गोंधळात कळलीच नसती. कोपलंड आणि मोईसेफ या दोघा शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बारीक दिवे लावून हे पाहिलं. दिवे तालात लावले तर माद्यांनी दहातल्या आठांहून जास्त वेळा उत्तर दिलं. ताल बिघडवला तर दहात एखादं. २०१०मध्ये ते छापूनही आलं.

आणि हा उजेड थंड असतो बरं. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनला भेटतं आणि प्रकाश होतो, उष्णता जवळजवळ नाहीच.

पण आपला उजेड मध्ये आला की काजव्यांच्या या खुणा बिघडतात. म्हणून तिथे जाणाऱ्यांनी बॅटरीवर लाल कागद लावायचा, झोत जमिनीकडे ठेवायचा आणि पायवाट सोडायची नाही. त्या दिवसांत गाड्यांसाठी सोडत काढतात, नंबर लागला तरच प्रवेश. भंडारदऱ्याच्या रस्त्यावर हेडलाइट लावून उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रांगा आठवल्या की वाटतं, आपल्याकडेही ही सोडत आणावी. भुर्रकन जाऊन फोटो काढणाऱ्यांचा नंबर लागूच नये.

हो, एक भानगड राहिली. त्याच रानात फोट्युरिस नावाचे दुसरे काजवेही असतात. त्यांची मादी भारी लबाड! दुसऱ्या जातीच्या मादीची चमक ती हुबेहूब करते. नर बिचारा उत्तर आलं म्हणून खाली उतरतो आणि ती त्याला खाऊन टाकते. त्या नराच्या अंगात एक कडू विष असतं. ते तिला स्वतःला बनवता येत नाही, असं जेवणातून मिळतं. मग कोळी तिच्या वाटेला जात नाहीत.

चला, पुढच्या वेळी फुप्फुसाविना जगणाऱ्यांची गोष्ट सांगेन. आता हातपाय धुवा, आजी ताटं घेतेय.