बेण्याचा बटाटा कापून पाहावा

पूर्वहंगामी उसात बटाट्याचे आंतरपीक घेणारे सभासद बंधू काढणीनंतर एक ढीग बाजाराचा व एक बेण्याचा करतात. वरून चांगला दिसेल तो बटाटा बेण्याला राहतो. इथेच फसगत होते. वरून कुरूप दिसणारा बटाटा पुष्कळदा निरुपद्रवी असतो, आणि खरा घातकी रोग सालीआड बसलेला असतो.

हा रोग म्हणजे बांगडी. पुणे जिल्ह्यात त्याची नोंद १८९२ सालीच झाली. बटाटा आडवा कापला की सालीपासून थोडे आत तांबूस कडे दिसते. असे कडे इतर कारणांनीही येते, म्हणून फोड बोटांनी दाबावी. कड्यातून पांढुरके चिकट थेंब आले की बांगडीच समजावी. रोग फार वाढला असेल तर हाच चिकटा डोळ्यांतून बाहेर येतो व तिथे माती घट्ट धरून बसते. हा जिवाणू बेण्याबरोबर नव्या रानात जातो, मातीत मुक्काम करतो, आणि मग त्या रानात वांगी-टोमॅटोही उभ्याउभ्या वाळतात. ज्या तुकड्यात हिरवीगार झाडे अशी माना टाकत होती, तिथला एकही बटाटा बेण्याला घेऊ नये. कापून स्वच्छ दिसला तरी नाही. रोगट बटाट्याला लागलेला चाकू स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्याला लावू नये.

डोळ्याजवळ बारीक काळी विष्ठा व जाळी दिसली तर आत अळीने बोगदे केले असे समजा. हिची पाकोळी १९०६ साली इटलीच्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात आली. भेगांतून उघड्या पडलेल्या बटाट्यावर ती अंडी घालते. आपल्या काळ्या रानाला भेगा पडायला कितीसा वेळ लागतो! म्हणून मातीची भर वेळेवर द्यावी. काढलेला माल रात्री उघडा ठेवू नये, आणि बटाट्याच्याच पाल्याने तर मुळीच झाकू नये. पाल्यातल्या अळ्या मालात उतरतात. ढिगात घाणेरीचा वाळलेला पाला घालण्याची जुनी रीत चांगली आहे.

खरबरीत खपल्या सालीपुरत्याच असतात. भाव पडतो, पण सोलून खाता येतो. पाण्यात चोळूनही न निघणारे काळे ठिपके ही माती नव्हे, बुरशी आहे. तो बेण्याला नको. उन्हाने हिरवा झालेला मात्र खाऊ नये, बेण्याला चालतो.

गाभा काळा पडणे हा रोगच नव्हे. उष्णता फार आणि हवा कमी, म्हणजे चोपड्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीत ढीग लावला, की ते होते. वरून बटाटा घट्ट व साफच असतो. तेव्हा अशा ढिगातले, तेही मधले, चार-पाच बटाटे उभे कापून पाहावेत.