पावसाळ्यात मुक्काम पुणे

एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ विमानाची लंडनवारी या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं, पण ती पुढे ढकलतो. रायगड जिल्ह्यातल्या तळ्याहून एका वाचकाने विचारलेला प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठची मोकळी जमीन. मग आपल्या कोकणातल्या पावसात टाटांची टपालाची विमानं तिथे उतरायची कशी?

उतरायचीच नाहीत. पावसाळा आला की विमानं, वैमानिक, मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं आणि येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून काम चालायचं. कराची–मद्रास टपालाच्या वाटेवर तेवढे महिने मुंबईऐवजी पुणं.

जुहूची जमीन इतकी सखल की पावसात तिचा नुसता चिखल होई. या टपालसेवेचा १९३२ सालचा पहिला मुहूर्त खरं तर सप्टेंबरातला. पाऊस लांबला, जुहू वाळेना, म्हणून सगळं महिनाभर पुढे गेलं. जे.आर.डी. टाटांच्या पहिल्या टपाल-उड्डाणाची १५ ऑक्टोबर ही तारीख अशी पावसाने ठरवलेली आहे.

जुलैत तळ्याच्या तळगडाकडे पाहा. माथा दिवसदिवस ढगातून बाहेर येत नाही. टाटांचं पस मॉथ हे एका इंजिनाचं छोटं विमान. त्यात वायरलेस नाही, खाली जमिनीवर दिशा सांगणारं काही नाही. नदी, रेल्वेचे रूळ, किनारा जे दिसेल त्यावरून वैमानिक वाट काढायचा. ढगाने जमीन झाकली की त्याचा नकाशाच मिटला. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर घाटामागच्या पुण्यात सातशेच्या आसपास. तिथे निदान उतरायला कोरडी जमीन आणि वर थोडं उघडं आभाळ मिळे. पण कराचीच्या वाटेवरल्या अहमदाबादहून पुण्याला यायचं तर सह्याद्री ओलांडावाच लागे. जुहू टळलं तरी घाट टळत नव्हता, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही.

आणि तरीही टपाल वेळेवर पोचलं! १९३३-३४ सालच्या सरकारी विमानवाहतूक अहवालात टाटांच्या सेवेला शंभर टक्के वक्तशीरपणाचं प्रशस्तिपत्र आहे. त्यात पश्चिम घाटातल्या पावसाळी धोक्याचा वेगळा उल्लेख करून म्हटलंय की मुंबई-मद्रासच्या टपालाचा कराचीतला पुढचा दुवा एकदाही चुकला नाही. कराचीहून टपाल पुढे नेणाऱ्या इम्पीरियल एअरवेजने आपली माणसं टाटांकडे शिकायला पाठवावीत, अशी सूचनाही त्यात आहे. हीच सेवा पुढे एअर इंडिया झाली. एअर इंडिया म्हटलं की लोकांना महाराजा आठवतो, आदरातिथ्य आठवतं. मला या अहवालाचं मोल त्याहून जास्त वाटतं. पहिल्या वर्षी या सेवेने जेमतेम १५५ उतारू नेले. तिची सगळी पत टपालावर होती, आणि ती पत या लोकांनी भर पावसात कमावली. पावसाशी झुंजण्यात त्यांनी मोठेपणा मानला नाही. दर वर्षी सगळं उचलून घाटावर नेण्याची कटकट त्यांनी पत्करली. सगळी आधुनिक यंत्रं हाताशी असूनही २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईचा विमानतळ तीस तासांहून अधिक बंद राहिला, हे आठवलं की त्या मुक्काम हलवण्यातलं शहाणपण कळतं.

पुढच्या आठवड्यात ‘मलबार प्रिन्सेस’ नक्की. ती निघाली ८ जून १९४८ ला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. पण तोवर सांताक्रूझची पक्की धावपट्टी झालेली होती.