आमिष जिवंत, तर चोणक गळाला

मंडळी, पहाटे पागून शेवटे आणि सुंगटं मिळवायची, आणि भरती लागेपर्यंत निम्मी मेलेली निघायची, हा अनुभव आपल्यातल्या बऱ्याच जणांचा आहे. चोणक सहसा हलणाऱ्या आमिषावरच झडप घालतो. आमिष मेलं की दिवस फुकट.

मासे मरतात ते गुदमरून. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि दाटीत त्यांच्याच घाणीचा अमोनिया साचतो. म्हणून बादलीत थोडेच ठेवा, वर ओलं गोणपाट टाका, बॅटरीवरचा एअर पंप चालू असू द्या. मेलेलं लगेच काढा. हात लावायचा तर ओला करूनच.

पाणी एकदम बदलू नका. तिसरा हिस्सा काढून तेवढंच नवीन घाला. नळाचं पाणी नकोच, त्यातलं क्लोरीन मारतं.

पावसात मांडवी-झुआरीच्या मुखाकडे आणखी एक फसगत होते. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं, खारं खाली. वरवर बुडवलेल्या बादलीत गोडंच येतं आणि खाऱ्यातलं सुंगट तडफडतं. त्यापेक्षा जिथे आमिष धरलं, तिथलंच पाणी कॅनमध्ये भरून सोबत घ्या.

तुम्ही काय करता? खाली जरूर लिहा.