हंगेरीतले 'जयभीम'वाले ओर्शोश सर

दारावर बाबासाहेबांचे नाव. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. भेटल्यावर एकमेकांना 'जयभीम'. एवढे वाचले की कोणालाही नागपूरचा इंदोरा आठवेल, नाहीतर मुंबईची वरळी. पण वाचक बंधू-भगिनींनो, ही शाळा आपल्या देशातली नाही. युरोपातील हंगेरी देशात, शायोकाझा नावाच्या खेड्यात, २००७ साली 'डॉ. आंबेडकर' या नावाने एक माध्यमिक शाळा सुरू झाली. ती उभी करणाऱ्या दोघा शिक्षकांपैकी एक म्हणजे आयु. यानोश ओर्शोश. आज त्यांचीच ओळख करून घेऊ.

ओर्शोश सर रोमा समाजातले. या समाजाला तिकडे 'जिप्सी' म्हणून हिणवतात. रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. त्यांच्या मूळ रोमानी भाषेत नाकाला 'नाख', कानाला 'कान', पाण्याला 'पानी' आणि माणसाला 'मानुष' म्हणतात. आज हंगेरीतील बहुतेक रोमा हंगेरियन भाषाच बोलतात. देश बदलला, भाषा बदलली, पण गावाच्या कडेची वेगळी वस्ती काही सुटली नाही. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या नाझींनी ज्यू लोकांबरोबर रोमांचीही कत्तल केली. २००८ आणि २००९ या दोन वर्षांत हंगेरीत रोमा वस्त्यांवर हल्ले होऊन सहा जणांचे जीव गेले. मेलेल्यांत एक लहान मूलही होते.

शायोकाझा हे ईशान्य हंगेरीतले गाव. आसपास कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने. १९८९-९० मध्ये तिथली राजवट बदलली, खाणी आणि कारखाने बंद पडत गेले. सर्वांत आधी काम गेले ते अंगमेहनतीच्या रोमा कामगारांचे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात ज्यांच्या घरची चूल मंदावली, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. बापाचा रोजगार गेला की मुलाची शाळा डळमळते. हे सगळीकडे सारखेच.

त्यात शाळेची तऱ्हा न्यारी. पुष्कळ ठिकाणी रोमा मुलांना वेगळ्या वर्गात बसवत. काही मुलांना तर चांगली हुशार असूनही 'मंदबुद्धी' ठरवून विशेष शाळेत धाडत. अशा दोन रोमा तरुणांनी दाद मागितली आणि २०१३ साली युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने हंगेरी सरकारला दोषी ठरवले. एकदा त्या शाळेचा शिक्का बसला की पुढे मॅट्रिक नाही, आणि मॅट्रिक नाही म्हणजे धड नोकरी नाही. आपल्याकडे वर्गाबाहेर बसवत होते, तिकडे वर्गच वेगळा करत होते. फरक एवढाच.

अशा समाजातला एक तरुण शिकतो आणि शिक्षक होतो, हीच मोठी गोष्ट. नोकरी धरून, आपले घर सावरून ते स्वस्थ बसते, तर कोणी नाव ठेवले नसते. पण ओर्शोश सर आपल्याच समाजातल्या मुलांना शिकवू लागले. सोबतीला तिबोर देरदाक हे समाजशास्त्राचे अभ्यासक आणि शिक्षक होते. ते रोमा नाहीत, पण याच कामात आयुष्य घातलेले. मुले आठवीपर्यंत कशीबशी येतात आणि मग गळतात, याची दोघांनाही टोचणी लागली होती. मुलांना शिकवायचे ते तर खरेच, पण त्यांच्या मनातली लाज कशी काढायची? 'आपण मुळातच कमी आहोत', ही भावना कोणत्या पुस्तकाने जाईल?

ते पुस्तक त्यांना सापडले. ते होते बाबासाहेबांवरचे. शाळेत पाण्याच्या भांड्याला हात न लावू दिलेला मुलगा देशाची घटना लिहिणाऱ्यांत अग्रणी होतो, आणि लाखो माणसांना घेऊन बुद्धाच्या मार्गाला लागतो, हे वाचून त्यांना आपलीच गोष्ट वाचल्यासारखे वाटले. एक गोष्ट इथे मुद्दाम सांगावीशी वाटते. हंगेरीतल्या पेच शहरात १९९४ पासूनच रोमा मुलांसाठी गांधींच्या नावाची एक शाळा होती. तरीही या दोघांनी आपल्या शाळेला नाव दिले ते बाबासाहेबांचे.

पुस्तक वाचून ते थांबले नाहीत. २००५ आणि २००७ मध्ये ते महाराष्ट्रात आले. आपल्या बौद्ध समाजाने धम्म स्वीकारल्यावर काय बदलले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आपल्याला रोजचे वाटते ते त्यांना नवे होते. तिकडे परत गेल्यावर शाळा निघाली, 'जयभीम' नावाचा बौद्ध संघ उभा राहिला, आणि काही रोमा कुटुंबे बुद्धाला शरण गेली. २०१६ साली तिथे बाबासाहेबांचा अर्धपुतळाही बसला.

या शाळेचे खरे काम मात्र पुतळ्यापेक्षा अवघड. हंगेरीत मॅट्रिकला हंगेरियन, गणित, इतिहास, एक परकी भाषा आणि आणखी एक विषय, असे पाच विषय काढावे लागतात. ज्याच्या घरात कोणी आठवीपुढे गेले नाही, त्याला परकी भाषा आणि गणित म्हणजे दोन डोंगरच. वय उलटलेले, मध्येच शाळा सोडलेले, लेकुरवाळ्या झालेल्या मुली, अशांनाही ही शाळा पुन्हा बाकावर बसवते. त्यातच हंगेरी सरकारने २०११ च्या कायद्याने सक्तीच्या शिक्षणाचे वय १८ वरून १६ वर आणले. म्हणजे सोळाव्या वर्षी मूल शाळेबाहेर पडले तर विचारणारे कोणी नाही. कायद्याने हात सोडला, तिथे शिक्षकाने धरून ठेवायचे, अशी ही लढाई आहे.

आपल्या इतिहासातही असा एक शिक्षक होऊन गेला. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांच्या हाती बुद्धचरित्र ठेवले ते विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी. त्या पुस्तकाची वाट पुढे दीक्षाभूमीपर्यंत गेली. तिकडे शंभर वर्षांनी बाबासाहेबांवरच्या पुस्तकाने एका शिक्षकाला वाट दाखवली. म्हणून घरात पुस्तक असणे आणि ते मुलाच्या हातात ठेवणारा माणूस असणे, याला मोल नाही.

आता थोडे आपल्या घरात पाहू. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी मनातले दुःख बोलून दाखवले. शिकून वर गेलेली माणसे मागे वळून पाहत नाहीत, याची ती खंत होती. आजही आपल्या वस्तीतून शिक्षक, शिक्षिका होतात. किती जण संध्याकाळी तासभर विहारात नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवायला बसतात? आणि बसणारा कोणी असेल, तर आपण आपले मूल त्याच्याकडे धाडतो का, की टीव्हीपुढे बसू देतो? विहाराची खोली, एक फळा, चार सतरंज्या आणि एक शिकवणारा, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आयाबायांनो, नववीतली पोर 'मला नाही जमत' म्हणाली, तर तिला घरकामाला जुंपण्याआधी या सरांची गोष्ट सांगा. ज्यांनी बाबासाहेबांना कधी पाहिले नाही, ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही, ते लोक हजारो मैलांवर 'जयभीम' म्हणून पोरांना मॅट्रिकला बसवतात. मग ज्या घरात 'जयभीम' पाळण्यापासून ऐकू येते, त्या घरातले लेकरू अर्ध्यावर शाळा सोडते, हे आपल्याला शोभेल का?